मॅडम, मामा आणि निळं पिंप

रसायनशास्त्राच्या मॅडम आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले मामा. मला मदत केली ती या दोघांनी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बोलता बोलता भलतीकडं जायची मला सवय आहे. बाकीचं काही राहिलं तरी चालेल, ही दोन माणसं राहायला नकोत.

मॅडम सांगलीतल्या एका कॉलेजात शिकवायच्या. मामा तिथंच प्रयोगशाळेत होते. बाटल्या धुवायच्या, तेजाब म्हणजे ॲसिड काढून द्यायचं, शेगड्या पेटवायच्या, पोरांनी फोडलेली काच झाडून घ्यायची, हे त्यांचं काम. कॉलेजात अशा माणसाला सगळे मामाच म्हणतात. मूळचे आष्ट्याचे. त्यांचे अब्बा गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई लावायचे. मॅडम आणि मामा एकाच वर्षी कामाला लागले आणि यंदा मेअखेरीला एकाच दिवशी निवृत्त झाले. त्यांच्या सत्काराला मी तामिळनाडूतून आलो.

मी त्या कॉलेजचा विद्यार्थी नाही. कुठल्याच कॉलेजचा नाही. आठवी झाली आणि शाळा सुटली. आमच्या खानापूरकडच्या गावांत पोरगं मिसरूड फुटायच्या आत गलाईला जातं. गलाई म्हणजे सोनं गाळायचं काम. सोनार जुने डागदागिने, मोड, तुकडे आणून देतात, आम्ही ते तेजाबात उकळतो, तांबं-चांदी विरघळून जाते आणि खाली शुद्ध सोनं उरतं. हिंदुस्थानात कुठल्याही सराफ गल्लीत जा, मागच्या बोळात सांगली जिल्ह्यातला एखादा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडेल. मीही तसाच एक. चुलतकाकांचं दुकान होतं, त्यांनी नेलं, मी गेलो. आई स्टँडवर रडली, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. जायचंच असतं, म्हणून गेलो.

आता आमच्या लोकांची एक रीत आहे. गावाकडची गाडी दक्षिणेत आली की ती जेवल्याशिवाय पुढं जायची नाही. लग्नाची असो, देवाची असो, सहलीची असो. ड्रायव्हर कोण, आत कोण, हे कुणी विचारत नाही. पाटीवर आपल्याकडचा नंबर दिसला की पिठाचे डबे उघडले जातात. बारा-तेरा वर्षांपूर्वी सांगलीच्या त्या कॉलेजची सहल आमच्या गल्लीत आली ती अशीच. शेजारच्या दुकानातल्या एकाचा भाऊ सहलीत होता. त्यानं आदल्या दिवशी फोन केला, "दादा, भाकरी मिळंल का? चार दिस झालं इडली खातूय. आता रातीला उशी बी इडलीगत दिसायला लागलीया."

सकाळी गाडी लागली. पन्नासभर पोरंपोरी गल्लीतच पंगत धरून बसली. भाकरी, झुणका, ठेचा. मी वाढत होतो. मॅडम एका ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर ताट, आणि मी बघतोय तर त्या माझ्याकडंच बघत होत्या. मी दोन ताटं वाढायचो आणि भाकरीची टोपली टेकवून उभा राहायचो. ठेचा लागला म्हणून पाणी प्यायला थांबल्यासारखं करायचो. एवढंच.

खरं असं होतं की मला दम लागत होता. सहा-आठ महिने झाले असतील. तेजाबात सोनं उकळताना विटकरी रंगाचा धूर निघतो. तो नाकात गेला की आधी काही वाटत नाही, रात्र झाली की छाती धरते. मी न्हाणीघरात जायचो, नळ सोडायचो आणि त्या आवाजात खोकून घ्यायचो. काकांना कळलं तर ते मला घरी धाडणार, ही भीती. आमच्याकडं धंद्यातनं परत आलेला माणूस म्हणजे शेंगेतनं पोचट निघालेला दाणा. गावात जाऊन करणार काय? शिक्षण आठवी. शेतात भाऊच कसाबसा भागवत होता. बहिणीचं लग्न माझ्या गलाईच्या जोरावर ठरायचं होतं. म्हणून मी खोकला लपवत होतो. माझी सगळी हुशारी त्यात चालली होती.

जेवणं झाली. पोरं डोंगरावरचं देऊळ बघायला निघाली. मॅडम काकांना म्हणाल्या, "तुमचं दुकान बघू का? पोरांना पुस्तकात शिकवते, प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही."

काका खूश. कॉलेजची बाई आपल्या दुकानात! त्यांनी टोपी नीट केली, पुढं होऊन सगळं दाखवलं. नेमकं तेव्हा माझ्याकडं एक घाणा उकळत होता. मॅडमनी आत पाय टाकला आणि पदर नाकाला लावला. सहलीबरोबर आलेले मामा त्यांच्या मागनं आले, त्यांनी वर बघितलं, भिंतीकडं बघितलं. वरच्या झरोक्याची लोखंडी जाळी धुरानं खाऊन टाकली होती. मामांनी ती नखानं खरवडली तर भुगा पडला.

"हा धूर जातो कुठं?" मॅडमनी विचारलं.

"वर," काका म्हणाले.

"वर म्हणजे कुणाकडं?"

काका हसले. "आवं मॅडम, आमच्या आज्यापासनं असंच चाललंय. सवय हुती माणसाला."

"आजोबा किती वर्षं जगले तुमचे?"

काकांचं हसू तिथंच राहिलं.  दुकानातले आम्ही सगळे आपापल्या कामाकडं बघायला लागलो. काकांच्या आज्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. कलकत्त्याला गेलेला माणूस, चाळिशी गाठायच्या आधी गावाला आला तो बैलगाडीत निजून.

मला वाटलं, झालं. आता ही बाई माझ्याकडं बोट करणार. मी मान खाली घालून काचकांडीनं ढवळत राहिलो. तेवढ्यात मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गड्या, वर गच्ची हाय न्हवं? चल, दाखव. मला जरा गाव बघायचंय."

दुकान तळमजल्यावर. वर तीन मजले. पहिल्या वळणापर्यंत मी ताठ गेलो. दुसऱ्या वळणावर भिंत धरली. पुढची पायरी चढता येईना, तिथंच बसलो. मामा शेजारी बसले, बिडी काढली, माझ्याकडं बघून परत खिशात घातली.

"कवापासनं?"

"काय न्हाई मामा, जागरण झालंय..."

"मला शिकवतोस व्हय रं? आमचं अब्बा कल्हईवालं. नवसागराचा धूर. आमी पोरं त्या पांढऱ्या धुरात खेळायचो, ढग आलं म्हणून. शेवटी शेवटी अब्बाला आडवं हुता येत नव्हतं. भिंतीला उशी लावून बसूनच झोपायचं. मी ऐकलाय हा श्वास. जिन्यात चढताना लोहाराच्या भात्यागत वाजतोय तुझा."

मी रडलो. आता लिहायला लाज वाटत नाही. मी त्यांना एवढंच म्हणालो, "काकांना सांगू नका. घरी धाडतील."

मामा मग उठून पायजमा झटकत म्हणाले, "मी कोण सांगणारा? मॅडमला सांगतो. मॅडम सांगत न्हाईत, करत्यात."

आणि त्यांनी केलं. कसं केलं हे मला अजून आठवून नवल वाटतं. खाली येऊन मामा मॅडमच्या कानाशी दोन वाक्यं बोलले. मॅडमनी माझ्याकडं मान वळवूनही बघितलं नाही. काकांना म्हणाल्या, "माझा घसा फार नाजूक आहे हो. दहा मिनिटं उभं राहवत नाही इथं. पण मला तुमचं काम शेवटपर्यंत बघायचंय. एक करू या का? आमच्या प्रयोगशाळेत धुराचं कपाट असतं. तसं एक इथं करू. मला बघता येईल, तुमच्या कामाचंही अडणार नाही. खर्च फार नाही."

म्हणजे सगळं दुखणं त्यांनी आपल्या घशावर घेतलं. काका पाहुणीला नाही कसे म्हणणार? गावाकडची बाई, भाकरी खाल्लेली.

"करा की," काका म्हणाले. "पर सहल?"

"देऊळ कुठं पळून जात नाही."

मग जे सुरू झालं ते बघायला गल्ली गोळा झाली. मॅडमनी खडूनं फरशीवर चित्र काढलं. मामा आणि मी बाजारात गेलो. मामांना तमिळचा एक शब्द येत नव्हता. हार्डवेअरच्या दुकानात मला बोलूच न देता ते सरळ मराठीत बोलायचे, फक्त मोठ्यानं. "पाईप! पाईप रं बाबा! लोखंडाचा न्हाई, प्लॅस्टिक! लोखंड खातंय!" आणि दातांनी खाल्ल्याचं दाखवायचे. दुकानदाराला वाटलं भूक लागलीय, त्यानं समोरची खानावळ दाखवली. शेवटी पाईप मिळाले, झाकणाचं मोठं निळं पिंप मिळालं, भिंती रंगवायचा चुना मिळाला. कोपऱ्यावर इमारतीचं काम चाललं होतं, तिथून मामांनी विटांचे तुकडे पोत्यात भरले. धूर ओढायचा पंखा तेवढा कुठं मिळेना. तेव्हा काका म्हणाले, "न्हाणीघरातला काढा." स्वतः स्टुलावर चढून त्यांनीच तो सोडवला. वर चढलेले असताना ते मला म्हणाले, "पकड खालनं," आणि मग थोडं थांबून, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "आज्याला ह्यातलं काय मिळालं न्हाई बग."

कपाट सोपं होतं. तीन बाजूंनी प्लॅस्टिकचे पत्रे, समोर काच, खाली हात घालायला फट. वरून पाईप निघून निळ्या पिंपात जायचा. पिंपात विटांचे तुकडे, त्यांच्यावर चुन्याचं पाणी थेंब थेंब गळत ठेवलेलं. धूर त्या ओल्या विटांमधून जाताना आपली आग तिथंच सोडून जायचा. पंखा पिंपाच्या पलीकडं, म्हणजे तेजाबाचा धूर त्याला खाणार नाही. हे मॅडमनी काकांना सांगितलं तसं वरवर नाही, मला वर्गात सांगतात तसं सांगितलं. मध्येच थांबून विचारलं, "पंखा आधी लावला असता तर?" मी म्हणालो, "जाळीगत भुगा झाला असता." त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि पुढं गेल्या. शाळा सुटल्यापासून मला कुणी प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलं नव्हतं.

पहिला घाणा उकळला तेव्हा आम्ही सगळे काचेपुढं दाटीवाटीनं उभे होतो. विटकरी धूर वर चढला, पाईपाच्या तोंडाशी वळला आणि आत गेला. खोलीत काही आलं नाही. मामा म्हणाले, "या खुदा, चालतंय की!" मॅडम हसल्या, "म्हणजे चालणार नाही असं वाटत होतं तुम्हाला?" मामा म्हणाले, "तुमच्यावर भरोसा हाय वो, पाईप जोडला मी हाय न्हवं."

पोरं देवळातून परत आली, गाडी सुरू झाली. दारात पाय ठेवून मॅडम काकांना म्हणाल्या, "दुकानातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढून घ्या. सगळ्यांचे. तुमचासुद्धा." 'सगळ्यांचे' वर असा जोर दिला की त्यात माझा एकट्याचा वेगळा दिसूच नये.

फोटो काढले. माझ्या छातीत डाग निघाला. काकांच्याही निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आलात. आम्हा दोघांनाही भट्टीपासून लांब बसवलं, औषधं चालली. काकांनी मला घरी धाडलं नाही. सोन्याचा कस बघायचं काम शिकवलं, पुढं दुकानात भागही दिला. आज मी जिना चढतो. मध्ये एकदा थांबतो, पण चढतो.

आणि मामांचा फोन. मॅडम फोन करायच्या नाहीत, मामा करायचे, प्रयोगशाळेला सुट्टी लागली की. पहिला प्रश्न तब्येतीचा नाही, घरच्यांचा नाही. "चुना बदलला का?" बदलला नसला की शिव्या. "मॅडमला सांगू का?" एवढं म्हटलं की मी फोन ठेवून चुना कालवायला लागायचो.

तर सत्कार. कॉलेजचा हॉल, मेचं ऊन, पंखे नुसते आवाजाला. स्टेजवर मॅडम आणि त्यांचे मिस्टर, मामा आणि मामी, दोन्ही जोड्या एकाच रांगेत. मॅडमनी प्राचार्यांना आधीच सांगितलं होतं म्हणे, की आमच्या दोघांची कामं कधी वेगळी केली नाहीत तर सत्कार वेगळा कशाला. मामांना फेटा बांधला होता. तो त्यांना जरा मोठा झाला होता आणि मामी सारख्या खालच्या आवाजात त्यांना "सीधा बैठो" म्हणत होत्या. भाषणं सुरू झाली. एका सरांनी 'आज ते आपल्यात नाहीत, ही कल्पनाच करवत नाही' असं म्हटलं तेव्हा मामांनी स्वतःच्या मनगटाला हात लावून नाडी बघितली. हॉल हसला. ते सर घाबरले आणि आणखी चुकले.

मी मागं बसलो होतो. शेजारी काका, पांढऱ्या कपड्यांत. सूत्रसंचालन करणारे तरुण प्राध्यापक एकदम म्हणाले, "आता दोन शब्द बोलतील आपल्या विभागाचे माजी विद्यार्थी, दक्षिणेतले प्रसिद्ध सुवर्ण उद्योजक..."

मला कळलंच नाही ते कुणाला बोलावतायत. मग सगळे माझ्याकडं वळले. चूक कशी झाली हे लगेच समजलं. आमच्याकडं गलाईवाला गावी आला की इस्त्रीचे कपडे, हातात अंगठी, म्हणजे लोकांना वाटतं शिकलेला आणि श्रीमंत. मामांनी "एकजण लांबनं येणार हाय, त्यालाबी बोलू द्या" असं सांगितलं होतं. बाकीचं सूत्रसंचालकांनी मनानं भरलं.

मी स्टेजकडं निघालो. माजी विद्यार्थी म्हणून दोन शब्द बोलून उतरता आलं असतं. 'मॅडमनी आम्हाला घडवलं' एवढं म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या. कुणाला काही कळलं नसतं. खरं सांगायचं तर आठवीपाशी यावं लागणार, धुरापाशी यावं लागणार, आणि खाली काका बसलेले. फोटो काढण्याआधीपासून मी खोकला लपवत होतो आणि मॅडमचा घसा हा बहाणा होता, हे त्यांच्यापासून एवढी वर्षं लपवलं ते त्यांच्या तोंडावर, माईकमधून.

मी माईक हातात घेतला. मॅडमकडं बघितलं. त्या तशाच बघत होत्या, प्रश्न विचारून थांबलेल्या.

"मी इथला विद्यार्थी नव्हं," मी म्हणालो. "ह्या कॉलेजात आज पहिल्यांदा पाय टाकला. आठवी झालोय."

 मग मी सगळं सांगितलं. इडली, भाकरी, जिना, मामांचे अब्बा, मॅडमचा नाजूक घसा. मी न्हाणीघरात नळ सोडून खोकायचो, हेही सांगितलं. काकांकडं न बघता सांगितलं. ज्यांच्या हाताखाली हजारो पोरं शिकली त्यांच्याबद्दल मी काय बोलणार, पण ज्याचं नाव त्यांच्या हजेरीपटावर कधी नव्हतं अशा माणसासाठी त्यांनी देऊळ सोडलं, दिवस सोडला, आणि माझं नाव कुठं येऊ दिलं नाही. एवढं मी बोललो.

तेव्हा मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या, "ते सगळं ठीक. पिंपातलं वापरलेलं पाणी कुठं टाकतोस, ते नाही सांगितलंस."

"गटारात न्हाई, मॅडम," मी घाईघाईनं म्हणालो. "वेगळ्या टाकीत साठवतो. गाडी येती न्यायला."

"हं," मॅडम म्हणाल्या.

मामा इतके हसले की फेटा कानावर आला. मामींनी तो सावरला. टाळ्या वाजल्या त्या फेट्याला की मला, मला माहीत नाही. सूत्रसंचालक हळूच येऊन "माफ करा हं" म्हणून गेले. मी म्हणालो, त्यात माफ काय करायचं, तुम्ही मला बी.एस्सी. केलं.

खाली आलो. काकांनी सरकून जागा दिली. मग म्हणाले, "बोललास ते बरं केलंस. माईक जरा लांब धरायचा, फूफू ऐकायला येत हुतं." आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

जेवणाच्या मांडवात मामा-मॅडम एका टेबलाशी भेटले. मी दोघांच्या पाया पडलो. शाल आणली होती, ती दिली. मॅडम म्हणाल्या, "शाली आज पुष्कळ झाल्या. गल्लीतल्या बाकीच्या दुकानांत कपाटं बसली का ते सांग." मी म्हणालो, चार दुकानांत बसली आहेत. पण आमचे लोक केवढ्या गावांत पसरलेत. केरळात, आंध्रात, तिकडं वर पंजाबात. परवाच माझ्या गावचा एक पोरगा फोनवर बोलता बोलता मध्येच थांबत होता. मी विचारलं तर म्हणाला, जागरण झालंय दादा.

मामा म्हणाले, "मी रिकामाच हाय आता. बोलवलंस तर येतो. पाईप जोडायला."

मॅडम, मामा, तुम्ही जे केलं ते परत तुम्हाला देता येईल असं माझ्याकडं काही नाही. पण त्या पोराकडं मी जाणार आहे, त्याच्या शेठला माझा घसा नाजूक आहे म्हणून सांगणार आहे. तिथनं पुढच्या गावाला, मग त्याच्या पुढच्या. वेळ लागेल, माझा दमही आता पहिल्यासारखा नाही. तरी आमच्या भागातला माणूस जिथं भट्टीपुढं बसलाय तिथं धुराचं कपाट उभं करीन, आणि प्रत्येक ठिकाणाहून तुम्हाला फोन करीन. हा माझा शब्द आहे.